दोन चमचे

लिहा डॉक्टर, पण मी सांगते तसंच लिहा. मधेच तुमचं दवाखान्याचं शुद्ध घालत बसलात तर मी गप्प बसेन. माझं डोकं कसं फिरतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुरुंगाच्या या भेटीच्या खोलीत आजवर वकील आला, पोलीस आले, एक पेपरवालाही येऊन गेला, पण जे विचारायला हवं होतं ते एकानंही विचारलं नाही. तुम्ही मात्र बसता बसता विचारलंत, "संजाक्का, मी फोनवर दोन चमचे म्हटलं होतं. तुम्ही किती दिलंत?"

सांगते. त्यासाठीच तर निरोप धाडला. पण आधी एक कबूल करा. आज जे ऐकाल त्यातलं माझ्या भावाबद्दलचं एक अक्षरही त्याच्या कानावर जाता कामा नये. हणमंताला कळलं तर तो जगायचा नाही. नुसती मान हलवू नका, तोंडानं म्हणा.

हां. आता लिहा.

मी संजीवनी खराडे, बोरजाईवाडीची आचारीण. तीस वर्षं लग्नाची, बारशाची, तेराव्याची जेवणं केली. पाचशे पानं असोत की दोन हजार, माझ्या मांडवातून कुणी अर्धपोटी उठलं नाही. आग्रह करावा तर संजाक्कानं, असं आसपासची गावं म्हणायची. नको नको म्हणत कुणी पानावर हात आडवा धरला, तर मी त्याच्या बोटांच्या फटीतून जिलेबी सोडते. माझा रागही तसाच, मोजून मापून येत नाही. एकदा आमचे हे, म्हणजे विलासराव, चार पाहुण्यांदेखत म्हणाले की आमटी अळणी झाली. मी हातातला झारा फेकला. कपाळाला चार टाके पडले. आणि हा माणूस गावभर सांगत फिरला, "दाराला धडकलो." कुणाचाही विश्वास बसला नाही. सगळे हसले, हेही हसले.

हणमंत माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा सहा वर्षांचा. मी लग्न होऊन आले ती त्याला बोटाला धरूनच आले. सासूनं कपाळाला आठ्या घातल्या, तेव्हा यांनी त्याला उचलून खांद्यावर बसवलं आणि विहिरीवर मोटर दाखवायला घेऊन गेले. पुढं हाताखाली घेऊन जळक्या मोटरीत नवी तार भरायचं कामही त्यांनीच शिकवलं. हणमंताला बाप म्हणून आठवतो तो दाजीच. तो बोलायला हळू, मुंगीलासुद्धा वळसा घालून जाणारा माणूस. त्याची बायको शीतल कधी कधी चिडून म्हणायची, "वन्सं, यांना एकदा तरी रागवायला शिकवा."

सत्ताविसाव्या वर्षी त्याला साखर लागली. दिवसातून तीनदा सुई. गोड बंद, भात बंद, मग सणावाराला माझ्या घरी येणंही बंद, कारण माझ्या घरी येऊन न जेवता परतणं त्याला जमायचं नाही. दोन वर्षांपूर्वी उजव्या पायाचा अंगठा कापला. जखमेला मुंग्या लागल्या तरी त्याला कळलं नव्हतं. यांना साखर नंतर लागली, पण डोळ्यांवर आली. मला मात्र काही नाही. एवढी कढईपाशी उभी राहते, वासानंच साखर वाढायला हवी, पण नाही.

आणि मग तुम्ही फाटा घेऊन आलात.

आता हे तुम्हाला येतंच, पण मला काय कळलं होतं ते सांगते, म्हणजे काय नव्हतं कळलं तेही तुमच्या लक्षात येईल. शाळेच्या मैदानावर पडदा लावून तुम्ही चित्र दाखवलंत. जठरातून अन्न उतरतं ते आधी आतड्याच्या पहिल्या तुकड्यात, हातभर. साखरेच्या आजारात त्या तुकड्याचं काहीतरी बिनसतं. अन्न तिथं न नेता थेट खालच्या आतड्यात सोडलं, तर खालचं आतडं असा काही रस सोडतं की झोपलेलं स्वादुपिंड खडबडून उठतं आणि इन्शुलिन ओतायला लागतं. वजन उतरायच्या आधीच, चार दिवसांत, साखर जागेवर. पूर्वी हे करायला पोट उघडून आतडं कापावं, शिवावं लागायचं, म्हणून मोजक्याच माणसांचं व्हायचं. तुम्ही म्हणालात, आता कापायचं नाही. तोंडावाटे नळीनं दोन लोहचुंबकं सोडायची, एक वरच्या आतड्यात, एक खालच्या. ती भिंतीआडून एकमेकांना धरतात. मधलं मांस दबून आठवड्यात मरतं, तिथं आरपार वाट होते, आणि चुंबकं पोट साफ होताना निघून जातात. अर्ध्या तासाचं काम, संध्याकाळी घरी. मूळ रस्ता सोडून आडवाटेला फाटा फुटतो तसं, म्हणून गावानं त्याला फाटाच म्हटलं. वाडीत शहाऐंशी जणांना फाटा झाला. हणमंत आणि हे एकाच दिवशी, शेजारच्या खाटांवर.

आणि तुम्ही बजावलंही होतंत, खोटं कशाला बोलू. फाट्याच्या माणसानं गोड एकदम खायचं नाही. साखर खालच्या आतड्यात भसकन जाऊन पडते, इन्शुलिनचा लोंढा येतो, आणि दीड-दोन तासांनी रक्तातली साखर पार तळाला जाते. मेंदूला दुसरं काही खाता येत नाही, तो उपाशी पडतो. माणूस घामाघूम होतो, थरथरतो, कुणी रडतं, कुणी झोपतं, कुणी ओळख विसरून मारायला उठतं. हे सगळं तुम्ही छापून कार्डावर दिलं होतं. शीतलनं ते फ्रिजला चिकटवलं. दंडावर पट्टी लावून दिलीत, साखर उतरली की टिवटिव करणारी. पण गावानं ऐकलं एवढंच, की साखर गेली.

तीन महिन्यांनी सरपंचांनी साखरमुक्त गावाचा सोहळा घातला. शहाऐंशी जणांचा नारळ-टॉवेल देऊन सत्कार, आणि आधी गावजेवण. मला बोलावून म्हणाले, "अक्का, गोड काय करायचं?" मी म्हटलं, "हे काय विचारणं झालं का? जिलेबी!" बारा-बारा वर्षं ज्यांनी ढेकर दिली नव्हती त्यांच्यासाठी जेवण करायचं, माझे हात शिवशिवत होते. पीठ आदल्या दिवशीच आंबवलं.

साडेबाराला पंगत बसली. फाट्याची माणसं मानाच्या पहिल्या ओळीत. हणमंत आणि हे शेजारी शेजारी. मी ताट घेऊन हणमंतापुढं बसले आणि पहिला घास स्वतः भरवला. तो चावेना, तोंडात धरून बसला. डोळ्यांत पाणी. म्हणाला, "अक्का, अजून तशीच करतेस गं." मग मला आवरणार कोण? शीतल मागून म्हणाली, "वन्सं, कार्डावर लिहिलंय, एकदम..." मी खेकसले, "अगं, आज तरी ते कार्ड ठेव की बाजूला! अंगठा गेला बिचाऱ्याचा, जिलेबीही खाऊ नये का?" ती मागे सरली. हणमंतानं अकरा खाल्ल्या. यांनी सहानंतर पानावर हात आडवा धरला, "पुरे गं संजे." मी फटीतून तीन सोडल्या. अख्ख्या ओळीत पैज लागली होती, कोण किती. कुलकर्णी गुरुजी एकोणीसवर थांबले, टाळ्या पडल्या.

नंतर भाषणं. आमदार यायचे होते म्हणून माईकवरून सांगितलं, फोन आणि दंडावरच्या पट्ट्या मुक्या करा, भाषणात टिवटिव नको. सगळ्यांनी एकमेकांच्या दंडावर दाबून दाबून पट्ट्या मुक्या केल्या. आमदार आलेच नाहीत. सरपंच बोलत राहिले.

दोन वाजून पाच मिनिटं झाली असतील. मी कढई घासत होते. पुढच्या ओळीत कुणीतरी मोठ्यानं हसायला लागलं आणि थांबेचना. बघते तर सगळी ओळ घामानं निथळत होती, सदरे पाठीला चिकटलेले. कुलकर्णी गुरुजी उठले. सत्तरीचा माणूस, अख्ख्या गावाला पाढे शिकवलेले. शेजारच्याच्या मांडीवरचा सत्काराचा नारळ उचलला आणि सरळ सरपंचांच्या तोंडावर हाणला. दात पडल्याचा आवाज माईकमधून सगळ्या मांडवाला ऐकू आला.

मग जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येत नाही. भांडणाला कारण लागतं. इथं कुणीच कुणावर चिडलेलं नव्हतं. डोळे उघडे, पण आत कुणी नाही. माणसं लोखंडी खुर्च्या मिटून एकमेकांच्या डोक्यात घालत होती. वेशीजवळचा शिंपी, त्यानं आपल्याच सुनेच्या दंडाचा लचका तोडला. एक म्हातारी मांडवाचा खांब उपटायला बघत होती आणि अडवणाऱ्याचे डोळे ओरबाडत होती. काही जण नुसतेच बसून रडत होते, ते तुडवले गेले. पोरंबाळं टेबलाखाली. हणमंत शीतलचा गळा धरून तिला मागे मागे रेटत होता आणि ती "अहो, मी, मी" म्हणत होती. मी पळत जाऊन त्याच्या पाठीत पातेलं घातलं तेव्हा हात सुटला. तो माझ्याकडे वळून बघायला लागला. तेहतीस वर्षं मी ज्या तोंडाला घास भरवला, त्याला मी कोण ते कळत नव्हतं.

शीतलनं तुम्हाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. तुम्ही काय म्हणालात ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "साखर उतरलीय. प्रत्येकाला दोन चमचे साखर पाण्यातून द्या, जास्त नाही. आणि दहा मिनिटांत शेंगदाणे, अंडी, डाळ, असं काहीतरी पोटात घाला. जास्त गोड दिलंत तर पुन्हा उसळेल. मी गाड्या घेऊन निघते."

आता माझ्यापुढं कढईत उरलेला पाक होता, दोन बादल्या भरतील एवढा. समोर माणसं एकमेकांना फाडत होती. आणि तुम्ही म्हणता चमचा. डॉक्टर, माझ्या हाताला चमचा माहीतच नाही. मी आयुष्यात कुणाला दोन चमचे वाढलेलं नाही. मला वाटलं, दोनानं सुटणार असेल तर दोन वाट्यांनी लवकर सुटेल. दवाखान्याची माणसं हात आखडूनच सांगतात, असंही वाटलं. आणि शेंगदाणे? पोटं तुडुंब भरलेली, शेंगदाणे कोण खाणार, ते बघू नंतर.

धडधाकट माणसांनी एकेकाला धरलं, पाडलं, छातीवर बसले, आणि मी ओगराळ्यानं तोंडात पाक ओतत गेले. एकेकाला दोन ओगराळी. कुणी थुंकलं तर तिसरं. हणमंताला चार, कारण तो माझा. यांना तीन. हे मारत नव्हते, मांडवाच्या दोरीशी बसून "मोटर बंद कर, मोटर बंद कर" म्हणत होते.

आणि दहा मिनिटांत सगळं थांबलं! गुरुजींनी हातातला दगड खाली ठेवला आणि विचारलं, "हे रक्त कुणाचं?" हणमंत शीतलच्या गळ्यावरचे वळ बघून ढसाढसा रडायला लागला. सरपंच तोंडाला टॉवेल धरून माझ्याजवळ आले, त्यांना बोलता येत नव्हतं, त्यांनी माझे पाय धरले. बाया मला मिठ्या मारत होत्या. "अक्कानं गाव वाचवलं," म्हणत होत्या. मला ते पटलं, डॉक्टर. खरंच पटलं. शेंगदाण्यांचं पोतं कोठीत तसंच होतं. मी चहा टाकला. तोही गोड.

तुमच्या गाड्यांना घाटात वेळ लागत होता. फाट्याची माणसं दमली होती, झोप येते म्हणत होती. पोलीस पाटील म्हणाले, पुरुष शाळेच्या हॉलमध्ये झोपवू, बायका दोन वर्गांत. कुणी मधेच उठून विहिरीकडे भटकायला नको, म्हणून हॉलला बाहेरून कडी आणि कुलूप. किल्ली त्यांच्या खिशात, आणि ते तुम्हाला रस्ता दाखवायला फाट्यावर गेले, तो डांबरी रस्त्याचा. शीतल बायकांच्या वर्गात थांबली. मी हॉलच्या पायरीवर बसले. दुखणाऱ्या पायांना जरा बरं वाटत होतं.

साडेचार वाजले असतील. आतून कुणीतरी हसलं.

मी खिडकीच्या गजांना धरून आत पाहिलं. एकावन्न माणसं. मघाशी निदान मोकळं मैदान होतं, धरायला माणसं होती. आता चार भिंती, बाकं आणि एकमेकं. धडधाकट माणसं होती ती बायकांच्या वर्गांतला ओरडा ऐकून तिकडे धावली होती. तुम्ही म्हणाला होतात, पुन्हा उसळेल. मांडवात साखर पडायला दीड तास लागला होता, पण एवढं खोल पडली नव्हती. माझ्या ओगराळ्यांनी ती मघापेक्षा उंच चढवली आणि मघापेक्षा खोल पाडली. हे मला त्या गजांशी उभं राहून कळलं, तुमचं चित्र तेव्हा समजलं.

गुरुजींना दोघांनी फळ्यावर आपटलं. एकदा, दोनदा, मग ते सरकत खाली गेले. एक जण भिंतीवर स्वतःचंच डोकं मारत होता, मोजत असल्यासारखा, सारख्या अंतरानं. हे समोरच्या भिंतीशी बसले होते. पाय पसरून, लहान मुलासारखे. माझ्याकडे बघून म्हणाले, "संजे, भूक लागली." एवढं त्यांना कळत होतं, की खिडकीत मी आहे.

हणमंतानं बाकाचा पाय उपटला होता. लाकडी, खिळ्यासकट. मी ओरडले, "हणमंता! अरे दाजी आहेत ते! दाजी!" घसा फाटेस्तोवर ओरडले. गजांतून हात खांद्यापर्यंत आत घातला. तो यांच्यापुढं उभा राहिला. यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि हसले, डॉक्टर. त्याला बघून त्यांना बरं वाटलं असावं. पहिला घाव कानशिलावर बसला. यांनी हात आडवा धरला, पानावर धरतात तसा. दुसरा घाव त्या हातावर. तिसऱ्यानंतर हात खाली पडला. पुढचे मी मोजले नाहीत.

मी मांडवात पळाले, कढईचं मोठं लोखंडी उलथनं आणलं, कुलपाच्या कोयंड्यात घालून सगळं अंग टाकलं. मनगट मोडलं तेव्हा कोयंडाही मोडला. आत शिरले तर हणमंत अजून मारतच होता, खाली मारण्यासारखं काही राहिलं नव्हतं तरी. मी त्याच्या गुडघ्यावर उलथनं हाणलं. हाडाचा आवाज झाला. तो पडता पडता माझ्या पोटात लाथ घालून गेला, मी पुन्हा उठले, दुसऱ्या गुडघ्यावर हाणलं, आणि त्याच्या छातीवर बसले. तो माझा हात चावत होता. मी चावू दिला. तोंडात हात असला की जीभ चावत नाहीत, असं कुणीतरी कधी सांगितलं होतं. मागून एकानं माझ्या डोक्यात खुर्ची घातली. रक्त डोळ्यांत आलं तरी उठले नाही.

पाच वाजून गेल्यावर तुम्ही आलात. एकेकाच्या नाकात औषधाचा फवारा मारलात, हळूहळू सगळे विझले. तुम्हाला मी कुठं सापडले ते तुम्ही पाहिलंत. यांचं डोकं मांडीवर, रक्तानं माखलेलं उलथनं शेजारी. तिघं गेले त्या दिवशी. गुरुजी, तो मोजणारा, आणि हे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तुमच्या हातातल्या या पडद्यावर हणमंताच्या पट्टीची रेघ आहे, मला दाखवू नका. मुकी केली तरी ती साखर आणि हलणं दोन्ही लिहीत होती, हे तुम्ही मघाशी सांगितलंत. चार वाजून चाळीसला साखर एकोणतीस, आणि हाताची हालचाल, पुन्हा पुन्हा, एकाच लयीत. तुम्हाला कळलंय, म्हणून तर निरोप मिळताच आलात. विचारताय की मग मी पोलिसांना "नवऱ्याला मी मारलं" असं का सांगितलं. कायद्यानं हणमंताला काही झालं नसतं, हेही म्हणताय. अहो, कायद्याला कोण भितंय!

तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात धड शुद्धीवर आला. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. मी मोडका हात गळ्यात अडकवून खाटेशी बसले होते. त्यानं पहिलं विचारलं, "शीतल?" म्हटलं बरी आहे. मग विचारलं, "दाजी कुठायत?"

मी सांगितलं की ते गेले.

मग त्यानं दोन्ही हात वर धरले. तळव्यांत फासा गेलेल्या, लाकडाच्या, नर्सनं काढून पट्ट्या बांधल्या होत्या. म्हणाला, "अक्का, माझ्या हातात फासा कशाच्या?" मी त्याचा हात खाली घ्यायला गेले. म्हणाला, "मला काहीच आठवत नाही गं. पण शीतलचा गळा मी धरला होता ना? मग दाजींना..." आणि त्यानं एका हातानं दुसऱ्या हातातली सलाईनची सुई ओढून काढली. रक्त उडालं. छातीवरच्या वायरींना हात घातला. "माझ्या हातून झालं असेल तर मला नाही जगायचं. खरं सांग. तुला माझी शपथ."

दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ? त्या हॉलमध्ये सगळी गावचीच माणसं, कुणाला काही आठवत नाही, ज्याचं घेईन त्याचं आयुष्य जाळल्यासारखं. आणि पाक कुणी पाजला होता? चमच्याची बादली कुणी केली होती?

"मी मारलं," मी म्हटलं.

"तू?"

"कुलूप तोडून आत आले. ते भिंतीशी बसले होते. उलथनं डोक्यात घातलं."

"ते अंगावर आले तुझ्या?"

हो म्हटलं असतं तर सोपं होतं. पण कपाळाला चार टाके पडून जो माणूस दाराला धडकलो म्हणाला, त्याच्या माघारी त्याला बायकोवर हात उचलणारा ठरवू का मी? "नाही," म्हटलं. "बसले होते नुसते. भूक लागली म्हणाले. पहाटेपासून राबून माझा जीव गेला होता, एवढं खाऊन वर भूक म्हणतात, माझं डोकं फिरलं."

त्याला पटलं. पटणारच. माझं डोकं सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्याचा चेहरा मी वाचत होते. आधी सुटल्यासारखा झाला, एक क्षणभर, खरंच सुटला तो. हात छातीवरच्या वायरींवरून खाली आला. मग तो माझ्याकडे बघायला लागला.

"तुला तर साखर नाही, अक्का," तो हळूच म्हणाला. "फाटाही नाही. तू शुद्धीत होतीस."

"होते."

त्यानं मारलं. जन्मात पहिल्यांदा, पट्टी बांधलेल्या हाताच्या मुठीनं, सगळा जोर लावून. माझा ओठ फाटला, एक दात हलला. तो ओरडत होता, "बाप होता माझा! बाप होता!" दुसरी मूठ डोळ्यावर बसली. नर्स धावत आली. तिला वाटलं साखर पुन्हा उतरली. तिनं घाईनं फवारा काढला, खाटेवरच्या पडद्याकडे पाहिलं आणि हात थांबवला. साखर एकशे चार होती.

"मावशी, मागे सरा," ती म्हणाली. "हे शुद्धीत आहेत."

त्यानं पुन्हा हात उचलला. मी सरले नाही.